एका जुवाखालचे दोघे

एकाच मंडळींत सेवा करणाऱ्या दोघांचें एकमेकांशीं पटत नाहीं, ही तक्रार आमच्या कानांवर वारंवार येते. कोठें पाळक व वडील ह्यांचें, कोठें प्रचारक व शिक्षक ह्यांचें वांकडें येतें. बहुधा दोघेही प्रभूवर प्रीति करणारे व कष्टाळू असतात. भांडणाचें मूळ पाहावें तर तें अगदीं लहान असतें: उपासनेची वेळ कोणीं ठरवावी, शाळेच्या खोलीची किल्ली कोणापाशीं असावी, अहवालांत प्रथम कोणाचें नांव यावें. परंतु ठिणगी लहान म्हणून कडब्याची गंजी जळावयाची राहत नाहीं.

शेतकऱ्यास हें नव्यानें सांगावयास नको. एक बैल तडफदार व दुसरा संथ असला, तर जूं दोघांच्याही मानेस काचतें, आणि तास वांकडें जातें. मग ज्याचा स्वभाव आपणांस सोसत नाहीं, अशा सोबत्याबरोबर ख्रिस्ती मनुष्यानें कसें वागावें, आणि कोठवर वागावें? ह्या प्रश्नाचा विचार आज आम्ही करणार आहों.

प्रथम दोन चुकीचीं मतें बाजूला सारूं. पहिलें मत असें कीं, मतभेद हेंच पाप होय. असें मानणारा मनुष्य सोबत्यासमोर तोंड उघडीत नाहीं. सभेंत तो मान डोलावितो, प्रार्थनेच्या शेवटीं आमेन म्हणतो. आणि घरीं भाकरी खातां खातां, पारावर बसल्या बसल्या, मनांतलें सर्व बोलून दाखवितो. ज्यानें तें ऐकावयास पाहिजे तो एकटाच ऐकत नाहीं. बाकी सर्व गांव ऐकतो. ह्या स्थितीला पुष्कळ जण शांति म्हणतात, परंतु हें वरून झांकलेलें गळूं आहे.

दुसरें मत ह्याच्या उलट. सत्य माझ्या बाजूस आहे, तेव्हां मीं कसेंही बोललों तरी चालेल, असें कित्येक समजतात. परंतु सत्य सांगण्याचा अधिकार मिळाला म्हणजे अपमान करण्याचाही अधिकार मिळाला असें होत नाहीं. औषध कडू असलें तरी वैद्य तें रोग्याच्या तोंडावर फेंकीत नाहीं.

पवित्र शास्त्र ह्या बाबतींत देवाच्या सेवकांचीं उणीं लपवीत नाहीं. प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायाच्या शेवटीं पौल व बर्णबा ह्यांच्या भांडणाचा वृत्तांत आहे. पहिल्या फेरीवर मार्क त्यांस पंफुल्यांत सोडून यरुशलेमास परत गेला होता. दुसऱ्या फेरीची वेळ आली, तेव्हां बर्णबा म्हणाला कीं त्याला पुन्हां बरोबर घ्यावें. पौल म्हणाला कीं घेऊं नये. वाद इतका चढला कीं दोघे वेगळे झाले.

आतां विचार करून पाहा, ह्यांत चुकलें कोणाचें? पौलाला कामाची काळजी होती. वाटेवर मार, तुरुंग व उपासमार आहे. तेथें अर्ध्यांतून परतणारा सोबती दुसऱ्यांच्याही जिवावर येतो. बर्णबाला माणसाची काळजी होती. मार्क त्याच्या नात्यांतला होता, हें खरें. परंतु तेवढ्यावरून त्याचें मन नात्यामुळेंच वळलें असें म्हणूं नये. कारण ज्या वेळीं यरुशलेमांतले शिष्य खुद्द पौलाला भीत होते, त्या वेळीं त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा होता. पडलेल्याला दुसरी संधि द्यावी हा त्याचा स्वभावच होता. एकाची काळजी कामाची, दुसऱ्याची माणसाची. आणि देवाच्या राज्यांत दोन्ही काळज्या लागतात. म्हणूनच कीं काय, लूक हा वृत्तांत लिहितांना कोणासही दोषी ठरवीत नाहीं.

ह्या भांडणास लूकानें जो ग्रीक शब्द लाविला आहे, त्याच्या मुळाशीं धारेचा, तीक्ष्णपणाचा अर्थ आहे. नव्या करारांत तो शब्द आणखी एकाच ठिकाणीं आढळतो, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १०:२४ मध्यें. तेथें विश्वासणाऱ्यांनीं एकमेकांस प्रीति व सत्कर्में ह्यांसाठीं चेतवावें, असा बोध आहे. म्हणजे धार तीच. ती कोणीकडे वळवावी हें आपल्या हातीं आहे. विळ्याच्या ज्या धारेनें जोंधळा कापतो, त्याच धारेनें बोटही कापतें.

पुढें काय झालें, तेंही लक्षांत घेण्यासारखें आहे. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकिया ह्या प्रांतांत गेला. ह्या प्रकरणाविषयीं बर्णबावर ठपका ठेवणारी एक ओळही पौलाच्या पत्रांत सांपडत नाहीं. उलट करिंथच्या मंडळीस लिहितांना, स्वतःच्या हातांनीं श्रम करणारा सेवक म्हणून तो बर्णबाचें नांव आपल्या नांवाबरोबर घेतो. आणि मार्क? कलस्सै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत त्याचा स्वीकार करण्याविषयीं शब्द आहे, फिलेमोनाच्या पत्रांत तो सहकारी म्हणून गणला आहे, आणि तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत, तो सेवेसाठीं उपयोगी आहे म्हणून त्याला घेऊन येण्याची विनंति आहे. ज्याला एकदां नाकारिलें त्यालाच बोलावणें आलें. पौलानें आपलें मत बदललें, आणि तें बदललें हें लिहून ठेवावयास त्याला लाज वाटली नाहीं.

आतां आपल्या देशांतलें एक उदाहरण घेऊं. ज्या विल्यम केरीनें सेरामपुरास राहून अनेक भाषांत शास्त्राचें भाषांतर केलें, व ज्याच्या छापखान्यांतून १८११ सालीं मराठी नवा करार बाहेर पडला, त्याचें नांव आपणांस ठाऊक आहे. त्याचा पहिला सोबती जॉन टॉमस मात्र थोड्यांस ठाऊक आहे. टॉमस हा वैद्य होता. केरीच्या आधीं तो बंगाल्यांत येऊन बंगाली शिकला होता. मन मोठें कनवाळू, परंतु पैशाच्या बाबतींत हात सैल आणि डोक्यावर कर्ज. १७९३ सालीं दोघे कुटुंबांसह कलकत्त्यास पोंचले. निर्वाहासाठीं आणलेला पैसा टॉमसाच्या हातून लवकरच संपला, आणि परक्या मुलुखांत केरीच्या बायकामुलांवर हालाची वेळ आली. त्या दिवसांचें दुःख केरीनें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें आहे.

असल्या सोबत्याला सोडून द्यावें, असें कोणीही म्हटलें असतें. केरीनें सोडलें नाहीं. पुढील वर्षीं टॉमसाच्याच शिफारशीनें केरीला मदनाबाटी येथें निळीच्या कारखान्यावर काम मिळालें, आणि घर चालूं लागलें. टॉमस कांहीं मैलांवर दुसऱ्या कारखान्यावर राहिला. म्हणजे पैसा एकत्र नव्हता, परंतु सेवा एकत्र होती. ह्यांत मोठें शहाणपण आहे. सोबत्याचा जो दोष आपणांस ठाऊक आहे, त्याच दोषाच्या हातीं पुन्हां सर्व सोंपवावें असें प्रीति सांगत नाहीं. क्षमा केली म्हणजे हिशेबाची वही बंद करावी असें नाहीं.

नंतर १८०० सालच्या शेवटीं सेरामपुरांत कृष्ण पाल नांवाच्या सुताराचा हात निखळला. त्या वेळीं टॉमस तेथें आलेला होता. त्यानें हात बसविला आणि त्याच वेळीं त्या मनुष्यास तारणाची वार्ता सांगितली. त्या वर्षीं २८ डिसेंबर रोजीं कृष्ण पालाचा बाप्तिस्मा झाला. केरी सात वर्षें ज्या पहिल्या फळाची वाट पाहत होता, तें त्या कठीण सोबत्याच्या हातून पदरांत पडलें. आनंदाच्या भरांत टॉमसाचें मन कांहीं काळ ताब्यांत राहिलें नाहीं, आणि पुढच्याच वर्षीं तो मरण पावला. केरीनें सात वर्षांपूर्वी त्याच्याशीं संबंध तोडला असता, तर त्या सुताराच्या दारीं त्या दिवशीं कोण गेलें असतें?

सेरामपूरचीच आणखी एक गोष्ट. त्याच १८०० सालीं केरी, मार्शमन, वॉर्ड वगैरे कुटुंबें एका घरांत राहूं लागलीं, तेव्हां त्यांनीं घराचे नियम केले. त्यांत शनिवारची संध्याकाळ आपसांतले मतभेद मिटविण्यासाठीं व प्रीतीचें वचन पुन्हां देण्यासाठीं राखून ठेविली. रविवारीं प्रभूपुढें उभे राहण्याच्या आधीं भावापुढें बसावयाचें. त्यांनीं मतभेद होणारच असें गृहीत धरिलें, आणि त्यांस दिवस नेमून दिला. पुढें ह्याच सेरामपूरच्या लोकांचा विलायतेंतील आपल्या संस्थेशीं वाद झाला. तेथें शनिवारची संध्याकाळ नव्हती. महिनेन् महिने वाटेंत असणारीं पत्रें आणि छापील पुस्तिका होत्या. १८२७ सालीं दोहोंची फारकत झाली, आणि १८३७ पर्यंत समेट झाला नाहीं. तोपर्यंत केरी निवर्तला होता. समोरासमोर जें एका संध्याकाळीं मिटतें, तें कागदावर दहा वर्षें पुरतें.

ह्यावरून आम्ही आपल्या बंधूंस असें सुचवितों कीं, सोबत्याचा राग आला म्हणजे प्रथम आपणांसच विचारावें: हा भेद कोणत्या जातीचा आहे? स्वभावाचा, मताचा, कीं अन्यायाचा?

स्वभावाचा असेल, म्हणजे तो मोठ्यानें बोलतो, उशिरा येतो, आभार मानीत नाहीं, तर सोसावें. आपल्याही स्वभावाचें त्याला कांहीं सोसावें लागत असेलच. मताचा असेल, तर त्याच्याशीं बोलावें. प्रभूनें मत्तयाच्या १८ व्या अध्यायांत जो क्रम घालून दिला आहे, त्याची पहिली पायरी एकांताची आहे. पंचांची व मंडळीची पायरी नंतरची. आम्ही बहुधा शेवटच्या पायरीवरूनच चढूं लागतों. एकांतांत बोलतांना मागल्या दहा वर्षांचें गाठोडें सोडूं नये. एकच गोष्ट घ्यावी, आणि आपलें सांगण्याआधीं त्याचें ऐकावें.

परंतु अन्यायाचा प्रश्न असेल, म्हणजे दानाच्या पैशांत अफरातफर, गरिबाची नागवणूक, किंवा जातीच्या नांवानें पंगतींत भेद, तर गप्प बसणें ही सहनशीलता नव्हे. अंत्युखियांत पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतींतून उठूं लागला, तेव्हां पौलानें त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. मार्काविषयींच्या भेदांत पौल वेगळा झाला व मूक राहिला. पंगतीच्या भेदांत तो बोलला. दोहोंतला फरक ज्याला कळला त्याला पुष्कळ कळलें. आपल्या मानाला धक्का लागला म्हणजे आम्ही चटकन अन्याय झाला असें म्हणतों, आणि दुबळ्यावर खरोखर अन्याय झाला म्हणजे तो स्वभावभेद म्हणून सोडून देतों. हें उलटें माप आहे.

कोणी म्हणेल, मीं सोसलें, एकांतांत बोललों, दोघांतिघांस बरोबर नेलें; तरी तो बदलत नाहीं. मग काय? तर वेगळे होण्यास शास्त्राची मनाई नाहीं. त्यानें एक गांव सांभाळावें, तुम्हीं दुसरें. परंतु पौल व बर्णबा ह्यांच्यासारखें वेगळे व्हा: दोघांच्याही हातीं नांगर राहूं द्या, मागें वळून दगड टाकूं नका, आणि तो एखादे दिवशीं उपयोगी म्हणून बोलावावा लागेल ह्यासाठीं दार उघडें ठेवा.

ह्यांत पणाला काय लागलें आहे, तें विसरूं नये. वेशीबाहेरच्या झोंपडींत एखादें कुटुंब बाप्तिस्म्याचा विचार करीत असतें. त्यांस आपलीं प्रवचनें फारशीं आठवत नाहींत. परंतु प्रचारक व शिक्षक एकमेकांस पाहून वाट बदलतात, हें त्यांच्या पोरांनाही ठाऊक असतें. समेटाची वार्ता सांगणाऱ्यांचा आपसांत समेट नाहीं, असें पाहून तें कुटुंब परत फिरलें, तर त्याचा जाब आम्हां कोणाकडे मागितला जाईल?

तेव्हां बंधूंनो, येत्या शनिवारीं दिवेलागणीच्या वेळीं एका सोबत्याच्या घरीं जा. त्याचें नांव तुमच्या मनांत आतांच आलें असेल. प्रथम त्याच्या मुलाबाळांचें कुशल विचारा, दोघे मिळून प्रार्थना करा, आणि मग जें बोलावयाचें तें बोला. प्रभु आपणां सर्वांस आपलें जूं एकमेकांबरोबर वाहण्याची शक्ति देवो.