हात कुणाकडे पाहून जोडले?

शंका : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. धाकट्याला गणिताच्या स्पर्धेचं प्रशस्तिपत्र मिळणार होतं, म्हणून स्कूल बोर्डाच्या मीटिंगला गेलो. सुरुवातीलाच अध्यक्षांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि वरच्या वर्गातल्या एका मुलीने येशूच्या नावाने प्रार्थना म्हटली. आम्ही उभे राहिलो. मुलाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांकडे, आणि हात जोडले. घरी सासूबाई म्हणाल्या, ‘देव सगळे एकच, त्यात काय बिघडलं?’ मला मात्र झोप लागली नाही. आम्ही चुकलो का? पुढच्या वेळी आपल्याही प्रार्थनेची पाळी मागावी का?

समाधान : ताई, आधी सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं खरं आहे, पण ते तुमच्या शंकेचं उत्तर नव्हे. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणबत्ती लावणारे हिंदू ढिगाने सापडतील. त्यात कुणाचा धर्म बुडत नाही, कारण तिथे आपण आपल्या पायांनी जातो. येशूचं नाव कानावर पडलं नि हात जुळले, यात पाप नाही. त्या वेळी मनात गणपती आला असेल, तर तोही रागावलेला नाही.

घोडं पेंड खातं ते दुसरीकडे. चर्चमध्ये तुम्ही पाहुण्या असता. यजमान उभे राहिले की आपणही उभं राहावं, ही साधी रीत. स्कूल बोर्डाच्या सभागृहात तुम्ही पाहुण्या नाही. घरावर जो प्रॉपर्टी टॅक्स भरता, त्यातला मोठा वाटा त्याच शाळांना जातो. (ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल तर मत नसेल, टॅक्स मात्र चुकत नाही.) म्हणजे ओसरी तुमचीही. तिथे खुर्चीवर बसलेल्याने सगळ्यांनी कोणत्या देवापुढे उभं राहायचं ते ठरवावं, हे खटकलं तर तुमचा देव लहान ठरत नाही.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी अवघ्या २२ शब्दांची प्रार्थना तयार केली होती. तिच्यात कोणत्याच पंथाचं नाव नव्हतं. तरी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली : प्रार्थना रचणं हे सरकारचं कामच नव्हे. दुसरीकडे, कायदेमंडळाच्या बैठकीआधीची प्रार्थना १९८३ मध्ये आणि गावच्या कारभाऱ्यांच्या सभेतली २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने चालवून घेतली. जुनी परंपरा आहे आणि समोर बसलेली माणसं मोठी आहेत, अशी त्यामागची भूमिका.

मग स्कूल बोर्डाची मीटिंग म्हणजे शाळा की गावची सभा? यावर वरच्या न्यायालयांचं एकमत नाही. कॅलिफोर्नियातल्या चिनो व्हॅलीच्या बोर्डाला २०१८ मध्ये मनाई झाली. तुमच्या टेक्सासमधल्या बर्डव्हिलच्या बोर्डाला मात्र २०१७ मध्ये मुभा मिळाली. तेव्हा तुमच्याकडे सध्या कायदा बोर्डाच्या बाजूने आहे. कोर्टाची धमकी देऊन हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका. मला स्वतःला चिनो व्हॅलीचा निकाल पटतो. प्रशस्तिपत्रं वाटायची म्हणून पोरांना बोलवायचं, ती सभागृहात बसली असतानाच प्रार्थना म्हणायची, आणि वर ही मोठ्यांची सभा आहे म्हणायचं, हे काही सरळ नाही.

आता पाळी मागण्याचं. त्याआधी ऱ्होड आयलंडमधल्या एका कुटुंबाची हकीकत ऐका. थोरल्या मुलीच्या शाळेच्या निरोपसमारंभात बाप्टिस्ट धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटली. हे कुटुंब ज्यू. धाकटीच्या वेळी, १९८९ मध्ये, मुख्याध्यापकांनी खास ज्यू रब्बींना बोलावलं. आपल्याकडे कुणीही म्हटलं असतं, झालं की समाधान! पण वडील कोर्टात गेले, आपल्याच धर्मगुरूंच्या प्रार्थनेविरुद्ध, आणि १९९२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकले. प्रार्थना कुणाची, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. शाळेने ती का करवावी, हा होता. उद्या तुमच्या आरतीची पाळी लागली, तर देव न मानणाऱ्या घरातलं एखादं पोर तुमच्या मुलाच्याच जागी उभं असेल, इतकंच.

पाळीपेक्षा दुसरं काही मागा. टेक्सासच्या शाळांत रोज एक मिनिट शांतता पाळण्याचा कायदा आहेच. तेच मिनिट बोर्डानेही पाळावं, असं लोकांना बोलायला जी दोन-तीन मिनिटं मिळतात त्यात सुचवा. मान्य होईलच असं नाही. बसून राहायचं असेल तर बसा, फक्त त्या वेळी मोबाइल काढू नका. मुलाला मात्र आजच विचारा, हात जोडताना तू मुख्याध्यापकांकडे का पाहिलंस? आणि त्याचं ऐकून घ्या.

शंका : मी अनुदानित शाळेत शिक्षक आहे. परिपाठाला देवाची प्रार्थना असते. एक मुलगी उभी राहते, पण हात जोडत नाही. सहकारी म्हणतात, शिस्त लावा.

समाधान : गुरुजी, ती उभी राहते, गडबड करत नाही. आणखी कोणती शिस्त हवी? अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत सामील करून घेता येत नाही, असं संविधानाचं २८ वं कलम सांगतं. प्रार्थनेला हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये न्याय दिला. राष्ट्रगीताला अदबीने उभ्या राहणाऱ्या, पण न गाणाऱ्या केरळच्या तीन भावंडांना तर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये शाळेत परत घ्यायला लावलं.

आमच्या वर्गात एक मुसलमान मित्र होता. दसऱ्याच्या पाटीपूजनाला एकच्या आकड्यांची सरस्वती त्याच्याइतकी रेखीव कुणालाच जमत नसे. बाई त्याची पाटी हातात धरून वर्गभर फिरवायच्या. त्याला ती काढायची आहे का, हे त्यांनी कधी विचारलं नाही, मीही नाही. पूजेला मात्र दर वर्षी त्याचीच पाटी मांडली जायची.