आग्नेयेकडे तोंड केलेल्या छत्र्या

वाहिनी पॅकमधून गेली, मालिकेची वेळ बदलली, दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा नवा आदेश आला, दोन कंपन्या एक झाल्या. टीव्हीच्या या बातम्या मी मालिकेइतक्याच मन लावून वाचतो. वर्तमानपत्रं त्या उद्योगाच्या पानावर छापतात, पण नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या किनवटात त्यांचा परिणाम थेट घरात, संध्याकाळी सात वाजता दिसतो.

शेजारच्या गोकुंद्यातून बाहेर पडून मांडवीच्या किंवा इस्लापूरच्या वाटेला लागा. पत्र्याच्या छपरांवरच्या डीडी फ्री डिशच्या छत्र्यांची तोंडं सगळीकडे एकाच दिशेला, आग्नेयेला. 93.5 अंश पूर्व रेखांशावर जीसॅट-15 उपग्रह आहे, त्याच्याकडे. बसवताना एकजण छपरावर छत्री हळूहळू फिरवतो, दुसरा खाली पडद्यावरची सिग्नलची पट्टी बघत ओरडून सांगत राहतो. पट्टी भरली की नट आवळायचा. एकदा खर्च केला की दरमहा काही नाही. पावसाची मोठी सर आली की चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो, तेवढं लोक सोसतात. देशात अशी चार कोटींहून जास्त घरं असल्याचा अंदाज आहे.

ही घरं मोजायला फार उशीर झाला. पूर्वी टीआरपीचे मीटर शहरांतच होते. ऑक्टोबर 2015 पासून प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ संस्थेने ग्रामीण भागाचे आकडे द्यायला सुरुवात केली आणि झी अनमोल, स्टार उत्सव अशा, जुन्या मालिका फुकट दाखवणाऱ्या वाहिन्या यादीत थेट वर गेल्या. मला त्या आठवड्यांत विलक्षण आनंद झाला होता. आपण बघतो, हे कुणाच्या तरी कागदावर उमटलं होतं.

पुढे काय झालं? 1 फेब्रुवारी 2019 ला ट्रायची नवी दररचना लागू झाली: शंभर वाहिन्यांसाठी 130 रुपये अधिक कर, आणि पैसे मोजून बघायच्या वाहिन्यांचे वेगळे. लगेच मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या फुकट वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या. 2020 मध्ये त्या परत आल्या, एप्रिल 2022 मध्ये पुन्हा गेल्या. कंपन्यांचा हिशेब कळतो: फुकट मिळतंय तोवर पैसे कोण भरणार? पण रोजंदारीवर जाणाऱ्या बाईची रात्रीची मालिका मध्येच तुटते, तिला ना सूचना मिळते ना कारण. याचा मला राग येतो, आणि तो रास्त आहे असं मला वाटतं.

ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबईत टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा आकडे कुणी फुगवले याचीच चर्चा झाली. त्या वेळी देशभरात सुमारे 44 हजार घरांत मीटर होते आणि टीव्ही असलेली घरं जवळपास 21 कोटी. म्हणजे साडेचार हजारांहून जास्त घरांमागे एक मीटर. नमुना लहान असूनही खरा असू शकतो, त्या शास्त्राशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. जे दाखवलं जातं तेवढंच मीटर मोजतो. जे कुणी बनवलंच नाही, त्याची टीआरपी कायम शून्य राहणार आणि त्या शून्याच्या भरवशावर ते पुढेही कुणी बनवणार नाही.

2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ आली आणि मालवणी बोली घराघरांत पोचली. ‘तुझ्यात जीव रंगला’ने तसंच कोल्हापूर घरोघरी नेलं. या मालिका येण्याआधी मालवणीची किंवा कोल्हापुरीची मागणी कुठल्या मीटरवर दिसली होती? कुणीतरी धाडस केलं, मग आकडा आला. आमच्या पैनगंगेकाठच्या बोलीसाठी ते धाडस अजून व्हायचं आहे. इथल्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोरबोली, गोंडी, कोलामी ऐकू येते. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांवर होते. रिमोटची सगळी बटणं दाबली तरी त्यांची भाषा मला टीव्हीवर सापडलेली नाही.

खासगी वाहिनीला नफा बघावा लागतो, हे मान्य. फ्री डिशवरची जागा लिलावात काही कोटींना जाते, तेव्हा तिथं येणारा हिशेब करूनच येणार. पण दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी सार्वजनिक पैशावर चालते आणि ती याच छत्रीवर दिसते. आठवड्यातून अर्धा तास गोंडीला आणि अर्धा तास कोलामीला, खाली मराठी अक्षरं देऊन, एवढं तिनं द्यावं. लिहिणारी, बोलणारी, कॅमेरा धरणारी पोरं किनवट-माहूरच्या आश्रमशाळांतून शिकून बाहेर पडली आहेत. त्यांना बोलवावं आणि निदान वर्षभर तरी आकडा विचारू नये.