दहाव्याचा कावळा

चैत्रात वडिलांच्या दहाव्याला आम्ही रामकुंडावर बसलो होतो. पिंडावर दहीभात, समोरच्या कठड्यावर तीन कावळे, आणि एकही पुढे येईना. रीतीप्रमाणे एकेकाने हात जोडून सांगून पाहिलं: आईला सांभाळू, धाकटीचं लग्न लांबवणार नाही. कावळे आमचं ऐकत होते की नाही देव जाणे. आपसात मात्र त्यांचं काहीतरी चाललं होतं. एकाने मान तिरकी करून गळ्यातल्या गळ्यात बुडबुडे फुटावेत तसा हळू आवाज काढला, तसा दुसरा सरकून त्याच्याजवळ आला. ही 'काव काव' नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या झाडावर कोकीळ सुरू झाला आणि मागून काकू म्हणाल्या, "किती गोड गातो!"

पक्षिशास्त्राचा निवाडा नेमका उलटा आहे. गाणाऱ्या पक्ष्यांच्या गोतात दयाळ, बुलबुल, शिंजीर यांच्या पंगतीला कावळा बसतो, कोकीळ पंगतीबाहेर. हे गोत ठरतं ते वंशावरून आणि आवाजाच्या अवयवाच्या ठेवणीवरून, गोडव्याला तिथे मार्क नाहीत. शिवाय या गोतातल्यांना गाणं शिकावं लागतं. केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी 1950च्या दशकात चॅफिंचची पिल्लं थोरांच्या आवाजापासून दूर वाढवली. ती गायली, पण मोडकंतोडकं. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात काव काव ऐकत वाढतं आणि तरी मोठेपणी कुहूच म्हणतं. त्याला गुरू नाही, रियाज नाही. मग आयुष्यभर रियाज करणाऱ्या गायिकेला आपण गानकोकिळा का म्हणतो? त्यातून कुहू नराची. मादी नुसती किक-किक करते.

गंगापूर रोडला आमच्या समोरच्या गच्चीवर डिश अँटेनावर दयाळ बसतो. उजाडायच्या आधीच त्याच्या ताना सुरू होतात, मध्येच दुसऱ्या कुणा पक्ष्याची नक्कलही येते. वडील त्याला भूपाळी म्हणत. त्यात मादीला साद असते, तसा शेजारच्या नराला दमही असतो: ही हद्द माझी. म्हणजे भूपाळीत निम्मं बांधावरचं भांडण. हे कळल्यापासून मला ते गाणं जास्तच आवडतं.

अर्ध्या तासाने कावळा पिंडाला शिवला. लग्नाचं ऐकूनच आला, असं सगळ्यांनी ठरवलं. धाकटी रडता रडता हसली. कावळ्याने घास गिळला, मान वर करून दोनदा ओरडला, आणि कुठून कुठून दहाबारा कावळे घाटावर उतरले.