पुलावर थांबलेली माणसं



फुलसावंगीहून मी सहसा दोनच वाटांना लागतो, एक पंढरीची आणि एक आळंदीची. यंदा मात्र धाकट्या मुलाकडे अहमदाबादला गेलो. त्यानं साबरमतीवरचा अटल पूल दाखवायला नेलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुला झालेला, ३०० मीटर लांबीचा. वरून गाड्या नाहीत, माणसांनी पायी चालायचं. तिकडे उत्तरायणाला आभाळ पतंगांनी भरतं. त्या पतंगांची आठवण देणारं रंगीत छत, आणि मध्ये काचेची जमीन, पायाखाली पाणी दिसावं अशी. आत जायला तिकीट. दिवे लागले आणि, खोटं कशाला सांगू, माझेही डोळे तिथंच अडकले.

मग ध्यानात आलं, कितीतरी माणसं मध्यापर्यंत येतात, फोटो काढतात आणि आल्या वाटेनं परत फिरतात. पलीकडे कुणाला जायचंच नव्हतं. मला आळंदीचा भक्ती सोपान पूल आठवला. इंद्रायणीला पूर आला की तो पाण्याखाली जातो. एरवी किती वारकरी त्यावरून जातात, पण घरी येऊन पुलाचं वर्णन केलेलं मी कुणाकडून ऐकलं नाही.

तुम्ही म्हणाल, महाराज, पूल देखणा असला म्हणून बिघडलं कुठं? काही नाही. पालखीचा रथ आपणही फुलांनी सजवतोच. तिथं कठड्याशी एक म्हातारं जोडपं वारा खात उभं होतं. त्यांना पलीकडे जा म्हणणारा मी कोण?

माझी टोचणी निराळी. चाळीस वर्षं कीर्तन केलं. कीर्तनकार हाही पूलच; ऐकणाऱ्यानं त्याच्यावरून विठ्ठलाकडे जावं. पण माझा आवाज गोड आहे, हे मला फार लवकर कळलं. एका सप्ताहात कीर्तनाआधी एक बाई आली. तरणा मुलगा गेलेला. म्हणाली, "महाराज, देवानं माह्यंच लेकरू काहून नेलं?" मी म्हणालो, "कीर्तनात सांगतो, माय." आणि सांगितलं काय, तर पुत्रशोकाचा नेहमीचा दृष्टांत, वरच्या पट्टीतली चाल लावून. टाळकऱ्यांनी डोळे पुसले, मंडप डोलला. ती बाई आरतीआधीच उठून गेली. मी तिला जाताना पाहिलं. मागं गेलो नाही. पाया पडणाऱ्यांची रांग लागली होती ना.

आता घसा बसला, कीर्तनाला उभा राहत नाही. जुनी माणसं भेटली की म्हणतात, तुमचं ते कीर्तन अजून आठवतं. मी विचारतो, अभंग कोणता होता? तो बहुतेकांना सांगता येत नाही. चाल मात्र गुणगुणून दाखवतात.

"बाबा, फोटो काढू?" मुलानं विचारलं. काढ म्हटलं. मग काठी टेकत पलीकडच्या टोकाला गेलो. तिथं पाहण्यासारखं विशेष काही नव्हतं, नदीकाठची वाट होती. थोडा वेळ उभा राहिलो. त्या बाईचं गाव आठवलं. नाव मी विचारलंच नव्हतं.