जागा रिकामी झाली की

‘घसा धरलाय, जरा हाय पॉवरची गोळी द्या. दोनच दिवसांची.’ डोंबिवली स्टेशनबाहेरच्या औषधाच्या दुकानात पट्टीला कात्री लागते आणि सेफिक्सिम या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या पाकिटात पडतात. २०१४ पासून हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये आहे. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी हवी, विक्रीची वहीत नोंद हवी, ती वही तीन वर्षं जपून ठेवायला हवी. गोळी मागणाऱ्याला दोष द्यायला मात्र माझं मन धजत नाही. उद्याचा खाडा त्याला परवडणारा नसतो.

पण घशासाठी घेतलेली गोळी घशापुरती राहत नाही. आतड्यात एन्टेरोकॉकस नावाचे जिवाणू लहानपणापासून मुक्कामाला असतात, एरवी निरुपद्रवी. सेफिक्सिमच्या कुळातली औषधं त्यांच्यावर मुळातच चालत नाहीत. शेजारचे जिवाणू मरतात, जागा रिकामी होते आणि हे पसरतात. हिंडत्याफिरत्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. तोच उद्या लघवीची नळी लावून आयसीयूत पडला, की हे जिवाणू मूत्रमार्गात, रक्तात, कधी हृदयाच्या झडपेवरही पोचतात.

मग अनेकदा व्हॅन्कोमायसिन हे औषध काढावं लागतं. जिवाणूची भिंत ज्या मालातून उभी राहते, त्याच्या टोकाला दोन ॲलॅनिन असतात; हे औषध नेमकं ते टोक पकडतं. प्रतिकार शिकलेला एन्टेरोकॉकस शेवटच्या ॲलॅनिनच्या जागी लॅक्टेट बसवतो. एवढ्या बदलाने औषधाची पकड सुमारे हजारपटीने ढिली होते! असे जिवाणू १९८० च्या दशकात युरोपात सापडले. तिथे जनावरांच्या खाद्यात घातलं जाणारं ॲव्होपार्सिन व्हॅन्कोमायसिनच्याच कुळातलं. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्यावर बंदी घातली. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये हीच विद्या स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जिवाणूकडे गेलेली आढळली.

म्हणून ‘माझं शरीर, माझी गोळी’ हा हिशेब मला मान्य नाही. हा जिवाणू रुग्णालयातल्या पलंगाच्या कोरड्या कठड्यावर आठवडेच्या आठवडे तग धरतो, आणि त्या पलंगावर पुढचा रुग्ण येतो. त्याने ती गोळी कधी घेतलेलीही नसते.

असे पलंग आपल्या आसपासच्या पालिका रुग्णालयांतही आहेत. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर ही रुग्णालयं कल्याण-डोंबिवली महापालिकेची. अशा ठिकाणी कल्चरचा, म्हणजे जिवाणू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल याचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात आणि तोवर औषध अंदाजानेच चालतं. रिपोर्ट आल्यावर ते बदलायला, गरज संपलेली नळी त्याच दिवशी काढायला आणि कठडे रोज पुसायला माणसं लागतात. अंदाजपत्रक मांडलं जाईल तेव्हा पूल-रस्त्यांच्या आधी नर्स, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि सफाई कामगार यांच्या रिकाम्या पदांचा आकडा दोन्ही महापालिकांना विचारला पाहिजे.