किती वेळा ऐकले?

आवडत्या वाद्यवृंदाला प्रत्यक्ष किती वेळा ऐकले, याचा आकडा काही रसिक जिवापाड जपतात. हा आकडा नेमके काय मोजतो? प्रेम, की केवळ हजेरी?

अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाचेच पाहा. १९६५ साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या वृंदाने तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम केले. ‘डेडहेड्स’ म्हणविणारे त्यांचे चाहते गावोगाव त्यांच्यामागे फिरत आणि आपण कितव्यांदा आलो ते अभिमानाने सांगत. याला वेड म्हणून हसणे सोपे आहे. परंतु हा वृंद रोज गाण्यांचा क्रम बदलीत असे. तेच गाणे एका रात्री आटोपशीर, तर दुसऱ्या रात्री लांबत लांबत रंगलेले. १९८४ पासून तर ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळी जागाच राखलेली असे. शंभरावी मैफल ही पहिलीची नक्कल नव्हती. तेथे मोजणीला काही अर्थ होता.

तरीही आकडा बरेच लपवितो. त्यासाठी पैसा लागतो, रजा लागते, मागे घर सांभाळणारे कोणी लागते. ज्याला एकदाच जाता आले, त्याचे ऐकणे उणे कसे ठरवावे? शंभर वेळा जाणारा तिकिटे मोजील. त्यांतल्या किती रात्री आपले कान खरोखर जागे होते, हे त्यालाही सांगता येणार नाही.

९ जुलै १९९५ रोजी शिकागोत झालेली मैफल शेवटची ठरली. बरोबर महिन्याने जेरी गार्सिया निवर्तले. उरलेले वादक पुढे निराळ्या नावांनी वाजवीत राहिले. पण जुने आकडे तेथेच थांबले, शंभरवाल्याचाही आणि एकवाल्याचाही.