वंशागत नेत्ररोग आणि दोषारोप

तान्ह्या मुलाच्या डोळ्याची बाहुली दिव्यापुढें मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चकाकूं लागली म्हणजे खानदेशांतील कित्येक घरीं प्रथम दृष्ट काढितात, आणि मोलाचे दिवस निघून जातात. ही खूण इतर विकारांतही दिसते; परंतु ती डोळ्याच्या आंतील पडद्याच्या कर्करोगाचीही असूं शकते. रेटिनोब्लास्टोमा नांवाचा हा रोग सुमारें 15 ते 20 हजार जन्मांमागें एका मुलास होतो. वेळेवर उपचार झाल्यास मूल बहुधा वांचतें; यास्तव जळगांव वा धुळें येथील नेत्रवैद्यानें मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे पाठविल्यास विलंब करूं नये.

रोग कळतांच घरांत प्रश्न निघतो: दोष कोणाचा? उत्तर ठरलेलें असतें. सुनेनें ग्रहणांत विळी हातीं धरली; किंवा तिच्या माहेरचें रक्तच वाईट.

1971 सालीं अमेरिकेंतील आल्फ्रेड नूडसन ह्यांनीं ह्या रोगाचा उलगडा केला. पेशीच्या वाढीस आवर घालणाऱ्या एका जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकांत असतात, एक आईकडील, एक बापाकडील. दोन्ही बिघडल्या म्हणजे पेशी बेफाम वाढते. 1986 सालीं तें जनुकही हातीं लागलें. शंभर रोगी मुलांपैकीं सुमारें चाळिसांत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते; उरलेल्यांत दोन्ही डोळ्यांतच बिघडतात, व त्यांच्या संततीस भय नसतें. त्या चाळिसांतही बहुतेकांचे आईबाप निरोगी असतात. बिघाड नवीनच झालेला असतो, आणि असा नवीन बिघाड बहुतांशी पित्याच्या बीजांत झालेला आढळतो. सुनेस बोल लावणाऱ्या सासूनें हें ऐकावें. तथापि म्हणून बापास दोषी धरावें काय? जें मनुष्यानें जाणलें नाहीं व इच्छिलें नाहीं, त्याचा जाब त्यास विचारतां येत नाहीं. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं केलेला प्रश्न वाचकांस ठाऊक आहेच.

जाणल्यावर मात्र गोष्ट निराळी. जन्मतःच बिघाड असलेला मनुष्य वांचून वाढला, तर त्याच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा. अशा घरीं सोयरीक जुळवितांना "लहानपणीं विटी लागून डोळा गेला" असें सांगण्यांत येतें. खरें सांगितल्यास स्थळ मोडेल, बहिणींचींही लग्नें अडतील. हें भय खोटें नाहीं, आणि तें हलकें लेखणाऱ्यांनीं आपल्या मुलीस तेथें देण्याची तयारी आहे काय, हें आधीं पाहावें. तरीही आमचें मत असें कीं, गांवास कळविण्याचें कारण नाहीं, परंतु वाग्दत्त वधूस किंवा वरास कळलेंच पाहिजे. एकच डोळा गेला म्हणून वंशास धोका नाहीं असेंही समजूं नये. त्याचा निर्णय रक्ताच्या तपासणीनें होतो. अशा मनुष्यास मूल झाल्यास त्याचे डोळे पहिल्या आठवड्यांतच, व पुढें दर कांहीं आठवड्यांनीं, तपासावे लागतात. ज्या मातेस विटीचीच गोष्ट ठाऊक आहे, ती सुदृढ दिसणारें तान्हें मूल घेऊन मुंबईच्या गाडींत कां बसेल?